कोल्हापूर ते न्यूयॉर्क: अंतर किती, विमानाला तास किती आणि घरातनं निघायचं कधी

आमचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याच्याकडं आई-अण्णा दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळची सगळी आखणी इथं राजारामपुरीत बसून मीच केली. तेव्हापासनं ओळखीतलं कुणी ना कुणी विचारायला येतंच, की न्यूयॉर्क किती लांब आहे, विमानाला किती तास लागतात, मग आपण इथनं कधी निघायचं. मोबाईलवर शोधलं तर १६ तास असं उत्तर येतं आणि माणूस त्या १६ वर सगळा हिशोब बांधून मोकळा होतो. चुकतं ते इथंच. दोन शहरांतलं अंतर वेगळं, विमान हवेत असतं तो वेळ वेगळा, तिकिटावरचा वेळ वेगळा, आणि आपल्या उंबऱ्यापासनं पोराच्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ तर पार वेगळा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमानं सांगतो. उदाहरण न्यूयॉर्कचं घेतोय, पण लंडन, सिंगापूर, मेलबर्न कुठंही जायचं असू दे, रीत हीच.

पायरी १: आधी अंतर कुठलं ते ठरवा

कोल्हापूर ते मुंबई किती किलोमीटर? गाडीवाला सांगणार ३८० च्या आसपास. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाणारा सांगणार ५१८, कारण रेल्वे इथनं आधी पूर्वेला मिरजेला जाते, मग सांगली, कराड, सातारा करत पुण्याला. आणि उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळावरनं सरळ रेघ मारली तर अंतर भरतं ३१० च्या आसपास. तिघंही खरं बोलतायत, फक्त प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

विमानासाठी ही शेवटची, सरळ रेघेची मोजणी धरायची. ती घरबसल्या काढता येते. गूगल मॅप्सवर मुंबई विमानतळावर बोट दाबून धरलं की पिन पडते, खाली 'अंतर मोजा' असा पर्याय येतो, मग नकाशा सरकवत न्यूयॉर्कपर्यंत न्यायचा. नाहीतर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिथं दोन विमानतळांचे कोड टाकले की झालं. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो: कोल्हापूर केएलएच, मुंबई सहार बीओएम, न्यूयॉर्कचं केनेडी विमानतळ जेएफके, लंडन हीथ्रो एलएचआर. भावाच्या घराला जवळचं विमानतळ नेवार्क, त्याचा कोड ईडब्ल्यूआर. हे कोड पाठ करायची गरज नाही पण तिकिटावर ते नीट वाचायची सवय लावा, कारण आता मुंबईतसुद्धा एकच विमानतळ राहिलेलं नाही, नवी मुंबईला उलव्याजवळ दुसरं सुरू झालंय आणि त्याचा कोड एनएमआय आहे. सहारला पोचल्यावर तिकीट नवी मुंबईचं आहे असं कळलं तर पायाखालची जमीन सरकते.

मुंबई ते केनेडी हे सरळ अंतर साधारण १२,५३० किलोमीटर येतं. कोल्हापूरपासनं मोजलं तर १२,८०० च्या वर जातं, पण इथनं थेट विमान नाही त्यामुळं त्या आकड्याचा उपयोग नाही, मुंबईपर्यंतचा प्रवास आपण वेगळा मोजणार आहोत. आणि एक, साइट मैल दाखवतीय का किलोमीटर ते बघा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि वैमानिकांचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. १२,५३० किलोमीटर म्हणजे साधे मैल ७,८०० च्या जवळ आणि नॉटिकल ६,८०० च्या खाली, त्यामुळं तीन ठिकाणी तीन आकडे दिसले तर घाबरायचं नाही.

पायरी २: फुटबॉल आणि दोरा घ्या

अण्णांनी पहिल्यांदा विमानाचा मार्ग बघितला तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना, की अमेरिका पश्चिमेला आहे तर विमान वर उत्तरेला का निघालंय. भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासनं न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचं वाळवंट आणि अटलांटिक समुद्र अशी जाते. पण नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉल नाही असं घर शोधावं लागेल, तर तो फुटबॉल घ्या. हवा भरायचं भोक म्हणजे उत्तर ध्रुव धरा, बरोबर मध्यावरनं खडूनं एक वर्तुळ काढा, ते विषुववृत्त. या वर्तुळापासनं ध्रुवाकडं एक पंचमांश वर आलं की मुंबई, तिथं एक ठिपका. न्यूयॉर्कसाठी चेंडू फिरवून जवळपास पलीकडच्या अंगाला जा आणि वर्तुळापासनं निम्म्याहून जरा कमी वर दुसरा ठिपका. आता दोन ठिपक्यांवर दोरा धरून कचकन ताणा. दोरा आपोआप वर सरकतो, भोकाच्या दिशेनं. ताणलेला दोरा म्हणजेच सगळ्यात जवळचा रस्ता, याला ग्रेट सर्कल म्हणतात.

खऱ्या पृथ्वीवर हा दोरा मध्य आशिया, रशिया, नॉर्वे असा वर चढत आइसलंडच्या पट्ट्यापर्यंत जातो आणि मग कॅनडावरनं खाली न्यूयॉर्कला उतरतो. सपाट नकाशावरची पट्टीची रेघ धरली असती तर अंतर १४,२०० किलोमीटरच्या आसपास गेलं असतं, म्हणजे सोळा-सतराशे किलोमीटर जास्त, विमानाच्या हिशोबात जवळजवळ दोन तास. आमच्या शाळकरी पुतणीला हा दोरा दाखवला तर तिनं त्या दिवशी घरातल्या चेंडूवर सगळं जग काढून ठेवलं. पोरांना भूगोल असाच शिकवला पाहिजे असं मला मनापासनं वाटतं.

पायरी ३: किलोमीटरचे तास करा

मोठी जेट विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात, उंची साधारण ३५,००० फूट म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या वर. पण चढताना, उतरताना वेग कमी असतो, वळसे पडतात, म्हणून मी सोपा हिशोब वापरतो: किलोमीटरला ८५० नं भागायचं आणि त्यात अर्धा तास मिळवायचा.

मुंबई-सिंगापूर ३,९०० किलोमीटर, भागाकार ४.६, अर्धा तास धरून पाच तासांच्या थोडं वर. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, म्हणजे ९ तास. मुंबई-मेलबर्न ९,८०० किलोमीटर, १२ तास. मुंबई-न्यूयॉर्क १२,५३० किलोमीटर, सव्वापंधरा तास. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जगातली सगळ्यात लांब ठरावीक विमानसेवा चालते, १५,३०० किलोमीटरच्या वर, तिला हाच हिशोब लावला तर साडेअठरा तास येतात आणि तिकिटावर पण साडेअठरा-पावणेएकोणीसच्या आसपासच असतात. म्हणजे रीत चांगली जमतीय.

हा हिशोब जेटचा आहे हे लक्षात ठेवा. पंख्याचं एटीआर विमान असेल तर वेग ५०० च्या आसपासच असतो.

आता, तिकिटावर याच्यापेक्षा वेळ जास्त का दिसतो? कारण तिकिटावरचा वेळ विमान फाटकावरनं मागं सरकतं तेव्हापासनं ते तिकडच्या फाटकाला लागेपर्यंतचा असतो, वैमानिक लोक याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत विमान वीस-पंचवीस मिनिटं उभं राहणं नेहमीचं आहे, आणि येताना वर आकाशात गिरक्या घालत थांबणं पण. कंपन्या हे धरूनच वेळ छापतात, म्हणून कधीकधी विमान वेळेआधी पोचलं असं होतं.

पायरी ४: वारा कुठल्या बाजूचा ते बघा

जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा-पंधरा, असं का, रस्ता तर तोच आहे ना, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. तर विमानं ज्या उंचीवरनं जातात, साधारण ९ ते १२ किलोमीटर, तिथं पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ध्रुवाकडची थंड हवा आणि खालची उबदार हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकामुळं तो तयार होतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं पूर्वेकडं वळतो. हिवाळ्यात हा फरक वाढतो म्हणून वारा पण वाढतो, कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर.

पंचगंगेत पोहलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हात तेवढेच मारायचे, पण धारेबरोबर गेलं तर कुठल्या कुठं आणि धारेच्या उलट गेलं तर जागच्या जागी. विमानाचं तसंच, हवेतला वेग ९०० च, पण समोरनं ५० चा वारा असला तर जमिनीवरनं मोजलेला वेग ८५०, आणि मागनं ५० चा असला तर ९५०. १२,५३० किलोमीटरवर एवढ्यानंच दीड तासाचा फरक पडतो. समोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड' दिसतं ते हेच, आईला मी सांगून ठेवलं होतं, ती येताना ताशी हजारच्या वर आकडा गेला की अण्णांना उठवून दाखवायची.

म्हणून पायरी ३ मध्ये जे तास आले त्यात पश्चिमेकडं जाताना पाऊण-एक तास वाढवा आणि पूर्वेकडं येताना अर्धा-एक तास कमी करा. दक्षिणोत्तर प्रवासात असला फरक फारसा पडत नाही.

वाऱ्याचा जोर किती, तर २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीचा अटलांटिकचा मार्ग सोडून उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरनं नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे जुन्या मार्गापेक्षा हजार-दीड हजार किलोमीटर जास्तच, पण मागनं वारा मिळाल्यामुळं साडेचौदा तासात पोचलं, आधीपेक्षा लवकर. जास्त लांबचा रस्ता आणि कमी वेळ! आणि २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर हे विमान झोया अगरवाल आणि त्यांच्या बरोबरच्या सगळ्या महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरनं आणलं, ती बातमी वाचून मला फार आनंद झाला होता. फुटबॉलच्या भोकावरनं दोरा नेला त्यांनी.

पायरी ५: सध्या कुठलं आकाश बंद आहे

दोरा ताणून जवळचा रस्ता मिळतो खरा, पण त्या रस्त्यावरचे देश वरनं जाऊ देतात का हा पुढचा प्रश्न. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्ताननं आकाश बंद ठेवलं होतं, एप्रिल २०२५ पासनं भारतीय कंपन्यांना परत बंद केलं. २०२२ पासनं युरोप-अमेरिकेच्या कंपन्या रशियावरनं जाऊ शकत नाहीत. आखातात तणाव वाढला की तिथलं आकाश पण अचानक बंद होतं. मग विमान वळसा घालतं, तास-दोन तास वाढतात, इंधन पुरत नाही म्हणून कधी मध्ये युरोपात उतरून तेल भरावं लागतं.

त्यामुळं जुन्या माहितीवर जाऊ नका. फ्लाइटरडार२४ वर तुमच्या विमानाचा नंबर टाका, गेल्या आठवड्यात ते रोज खरं किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, कुठल्या वाटेनं गेलं ते फुकट बघायला मिळतं. पाच-सहा दिवसांची सरासरी काढा, तो तुमचा खरा वेळ. माझ्या मते सगळ्यात भरवशाची पायरी हीच, बाकी हिशोब नाही केला तरी एवढं कराच.

पायरी ६: तिकिटावरची घड्याळं सोडवा

इथं लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावाची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावाची असते. त्यामुळं दोन वेळांची नुसती वजाबाकी करायची नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपली भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवरनं ठरते आणि कोल्हापूर ७४ अंशांच्या जरा पुढं, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं आपलं कोल्हापूरच घड्याळाच्या ३३ मिनिटं मागं आहे. मग न्यूयॉर्क किती मागं असेल बघा: हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास.

उदाहरण घेऊ. हिवाळ्यात विमान मुंबईहून १२ तारखेला ०१:३० ला निघालं, १६ तास लागले. आपल्या घड्याळात झाले १२ तारखेचे संध्याकाळचे ५:३०. त्यातनं साडेदहा तास वजा करा, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ७ वाजलेत, तारीख १२ च. तिकीट बघणाऱ्याला वाटतं साडेपाच तासात पोचलं! येताना उलटं, केनेडीवरनं सकाळी ११:३० ला निघालं, पावणेपंधरा तास लागले, तिथल्या घड्याळात पहाटेचे २:१५, त्यात साडेदहा तास मिळवले की आपल्याकडं दुपारचे १२:४५ आणि तारीख दुसऱ्या दिवसाची. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक '+१' छापलेलं असतं ते हेच.

रीत एकच, दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणा, मग वजाबाकी करा.

दुसरी गोष्ट, आणि ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवा. तिकिटावर बुधवार १२ तारीख, ०१:३० असं असेल तर आपल्याला घरातनं मंगळवारी निघायचंय. आपल्याकडं बोलताना दिवस उजाडल्यावर बदलतो, रात्री दीडला आपण 'मंगळवारची रात्र' म्हणतो, पण विमानाच्या घड्याळात बारा वाजून गेले की बुधवार लागला. आमच्या ओळखीतलं एक जोडपं बुधवारी रात्री दहाला सहारला पोचलं, विमान आदल्या रात्रीच गेलेलं. दोन तिकिटांचे पैसे गेले आणि नातवाच्या बारशाला पोचता आलं नाही, ते अजून बोलून दाखवतात.

तिसरी गोष्ट घड्याळ मागंपुढं करण्याची. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं. ब्रिटन-युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ऑस्ट्रेलियात मेलबर्न-सिडनीकडं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागं. आपण कधीच बदलत नाही, म्हणून फरक बदलतो.

आई-अण्णा पहिल्यांदा गेले ते दिवाळी करून, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर दोनच दिवसांनी. मी तिकीट नीट न बघता आपल्या वेळेतनं साडेनऊ तास वजा करून भावाला कळवलं की ८ वाजता उतरतील. खरे उतरले ७ ला. त्या दिवशी बाहेरची रांग पण लहान होती, दोघं लवकर बाहेर आले आणि पाऊण-एक तास परक्या देशात बाकावर बसून राहिले, फोन चालू नव्हता, कुणाला विचारावं कळेना, आईनं चिवड्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती असं अण्णा सांगतात. चूक माझी होती. तेव्हापासनं मी फरक पाठ धरत नाही, त्या तारखेचा फरक फोनच्या जागतिक घड्याळात न्यूयॉर्क टाकून बघतो आणि घ्यायला येणाऱ्याला वेळ कळवण्याऐवजी तिकिटाचा फोटो आणि विमानाचा नंबर पाठवतो.

पायरी ७: थेट का बदलून

'डायरेक्ट' आणि 'नॉन-स्टॉप' हे एकच नाही. डायरेक्ट म्हणजे विमानाचा नंबर बदलत नाही, पण मध्ये कुठं उतरू शकतं. नॉन-स्टॉप म्हणजे एकदा उडालं की तिथंच. वय झालेल्या माणसांसाठी शक्य असेल तर नॉन-स्टॉपच घ्या असं माझं मत आहे, चार पैसे जास्त गेले तरी.

बदलून जायचं तर गाव वाटेवरचं निवडा, बेरीज करून बघा. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०२० च्या आसपास, मिळून १२,९५०. सरळ अंतरापेक्षा चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे अर्धा तास. लंडनला पण तसंच, दुबईवरनं ५,५०० मिळवले तर एकूण ७,४३०, फरक सव्वादोनशेचा. म्हणजे आखातात बदलल्यानं अंतर फारसं वाढत नाही, वेळ वाढतो तो तिथं थांबण्यात. तो थांबा दोन ते चार तासांचा असला की बरा. तासाभराचा असला तर पळापळ होते, आठ तासांचा असला तर खुर्चीवर पाठ मोडते.

पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असावा, मग पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनी करते आणि सामान शेवटपर्यंत जातं. स्वस्त पडतंय म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नका. काही देशांत नुसतं विमान बदलायला पण ट्रान्झिट व्हिसा लागतो, ते आधी बघा. आणि अमेरिकेत पुढं शिकागो, डॅलस असं जायचं असेल तर ज्या गावात पहिल्यांदा अमेरिकेत उतरता तिथंच इमिग्रेशन होतं, सामान पट्ट्यावरनं उचलून परत द्यावं लागतं, म्हणून तिथं तीन तास तरी हवेत.

पायरी ८: उंबऱ्यापासनं उलटं मोजा

आता खरा हिशोब. विमान रात्री १:३० चं. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, पण इमिग्रेशन आणि तपासणीची रांग धरून चार तास आधी, म्हणजे ९:३० ला सहारच्या टर्मिनल २ वर पाय टेकलेला असावा.

तिथनं मागं या. गाडीनं ३८० किलोमीटर, किणी-कराड-सातारा ठीक असतं, पण खंबाटकी, पुण्यात नवले पूल आणि चांदणी चौक, एक्सप्रेस वेवर खंडाळ्याचा घाट आणि मग मुंबईत शिरताना वाशीचा पूल, यातलं एक जरी तुंबलं तरी तास गेला. मी आठ तास प्रवासाचे, अडीच तास अडचणीचे आणि जेवणाचे धरतो. म्हणजे सकाळी ११ ला राजारामपुरीतनं गाडी हलली पाहिजे.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा हिशोब मोडतो. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याचा रस्ता काही दिवस बंदच होता, आपण सगळ्यांनी बघितलंय. पावसाळ्यातलं तिकीट असेल आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढत चालल्याच्या बातम्या येत असतील तर वाट बघत बसू नका, दोन दिवस आधीच पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडं जाऊन राहा. घरच्यांना लवकर निघणं जिवावर येतं, पण सामान बांधलेलं असूनही पूल ओलांडता आला नाही तर काय करणार?

महालक्ष्मीनं जायचं असेल तर आदल्या रात्रीची पकडा, सकाळी दादरला उतरा, दिवसभर कुणाकडं तरी आराम करा. उजळाईवाडीवरनं मुंबईला विमान मिळालं तर तासाभराचा प्रवास, म्हाताऱ्या माणसांना फार सोपा, पण ते आणि परदेशाचं तिकीट वेगळं असेल तर मध्ये किमान सात-आठ तास ठेवा. पावसात, धुक्यात छोटी विमानं उशिरा निघतात किंवा रद्द होतात. शिवाय उतरल्यावर टर्मिनल १ का २ ते बघा, दोन्हीच्या मध्ये गाडीनं जावं लागतं.

बेरीज करू. सकाळी ११ ते रात्री १:३०, साडेचौदा तास. विमान १६ तास. तिकडं उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि गाडीनं एडिसनपर्यंत, तीन तास. झाले साडेतेहतीस. त्यातला निम्मा वेळ पण विमानात जात नाही. म्हणूनच ज्यांना फक्त १६ सांगितलेले असतात ती माणसं मुंबईतच थकून जातात.

पायरी ९: एवढे तास अंगावर कसे काढायचे

थोडक्यात सांगतो. दोन तासांनी उठून चालायचं, पाणी पीत राहायचं, पाय सुजतात म्हणून चप्पल सैल. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, आणि शुगरची किंवा इन्सुलिनची वेळ बदलत्या घड्याळात कशी पाळायची ते इथंच डॉक्टरला विचारून कागदावर घ्यायचं, मनानं ठरवायचं नाही.

हिवाळ्यात गेलात तर अजून एक. विमान मध्यरात्री निघतं, सूर्याच्या पुढं पुढं पश्चिमेला पळतं आणि वर उत्तरेला त्या दिवसांत सूर्य उशिराच उगवतो, त्यामुळं जवळजवळ सोळाही तास बाहेर अंधारच. आई म्हणाली, रात्र संपतच नव्हती. खिडकी उघडली तर काळोख, परत उघडली तर काळोख, तिला वाटलं काहीतरी बिघडलंय. आधी सांगितलेलं असतं तर ती निवांत झोपली असती. पोचल्यावर तिथं सकाळ असते, शरीराला मात्र संध्याकाळ झालेली असते. त्या दिवशी दुपारी झोपू देऊ नका, उन्हात फिरवा, तीन-चार दिवसात घडी बसते.

पायरी १०: परतीचं पण आत्ताच ठरवा

परतीचा हिशोब सगळे विसरतात. रविवारी सकाळी ११:३० ला केनेडीवरनं निघालेलं विमान हिवाळ्यात मुंबईत सोमवारी दुपारी पाऊणला. इमिग्रेशन, सामान करून बाहेर पडायला अडीच वाजतात. त्याच दिवशी गाडीनं लगेच कोल्हापूरला निघू नका, चालक ताजातवाना असला तरी ज्यांनी पंधरा तास बसून काढलेत त्यांना परत आठ तास बसवणं बरोबर नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला सोमवार रात्रीच्या महालक्ष्मीचं एसीचं रिझर्व्हेशन आधीच काढून ठेवलं होतं, दुपारी एका पाहुण्यांकडं अंघोळ आणि आमटी-भात, रात्री सीएसएमटीवरनं आडवं होऊन आले. विमानाला उशीर होईल ही भीती होतीच, म्हणून मंगळवारच्या गाडीचं पण एक रिझर्व्हेशन काढलं होतं, ते रद्द करताना थोडे पैसे कापले गेले. मंगळवारी सकाळी मी स्टेशनवर उभा होतो, गाडी लागली आणि अण्णा दारातनंच म्हणाले, येताना वारा मागनं होता बरं का, वीस मिनिटं आधी उतरलो.